दिसत नाही ते वाय-फाय : वाचकांची पत्रं, दुकानातली उत्तरं

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत: शेजारच्याला वाय-फाय दिसतं, माझ्या लॅपटॉपला दिसत नाही. म्हणून प्रिंटरची आणि पेन ड्राइव्हची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली. नावं छापत नाही. आपल्याकडे कोणाचा लॅपटॉप बिघडला हेही बसस्थानकापर्यंत कळतं.

प्रश्न : ताई, मी पांढरकवड्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी वाय-फाय नाही, दादाच्या फोनचा हॉटस्पॉट वापरते. दिवाळीत दादानं नवा फोन घेतला. तेव्हापासून त्याचा हॉटस्पॉट माझ्या लॅपटॉपच्या यादीत येतच नाही. आईच्या जुन्या फोनचा येतो. दादाचाच हॉटस्पॉट मैत्रिणीच्या लॅपटॉपवर येतो. लॅपटॉप मामानं दिलेला, २०१५ चा आहे. दुकानदार म्हणाले, वाय-फाय कार्ड गेलं, अठराशे रुपये लागतील. टाकू का?

उत्तर : नको टाकू बेटा. कार्ड गेलं असतं तर आईचा फोनही दिसला नसता. गेलेलं कार्ड असे नखरे करत नाही. ते सगळ्यांनाच सारखं आंधळं असतं.

आमचं दारव्ह्याचं दुकान मूळचं रेडिओ दुरुस्तीचं. मी शाळेतून आले की बाबांच्या स्टुलाशेजारी बसायची. एक गृहस्थ दर पावसाळ्यात ट्रान्झिस्टर घेऊन यायचे. तक्रार एकच: ‘नागपूर लागते, सिलोन काऊन लागत नाही?’ नागपूर आकाशवाणी मीडियम वेव्हवर, ५८५ किलोहर्ट्झला. सिलोन यायचं शॉर्ट वेव्हवर. त्यांचा रेडिओ एका बँडचा, त्यात शॉर्ट वेव्हची पट्टीच नव्हती. बाबा मागचं झाकण उघडून दाखवायचे, पैसे घ्यायचे नाहीत, आणि तरी ते गृहस्थ ‘याले जमत नाही’ म्हणत उठायचे.

तुझा लॅपटॉप एका बँडचा रेडिओ आहे. वाय-फाय आपल्याकडे मुख्यतः दोन बँडवर चालतं. एक २.४ गिगाहर्ट्झचा, जुना. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. २०१५ च्या आसपास स्वस्तातल्या लॅपटॉपांत ॲथेरॉसचं एआर ९४८५ किंवा रिअलटेकचं ८७२३ बीई अशी कार्डं सर्रास बसवलेली असायची. दोन्ही फक्त २.४ ऐकतात. आईचा जुना फोन २.४ वर हॉटस्पॉट देतो, म्हणून दिसतो. दादाचा नवा फोन ५ वर देतोय. मैत्रिणीच्या लॅपटॉपला दोन्ही बँड आहेत, म्हणून तिला दिसतो.

आता खात्री कशी करायची? लॅपटॉपच्या शोधपट्टीत सीएमडी टाइप कर आणि एंटर दाब. काळी खिडकी उघडेल. त्यात मी फोनवर गिऱ्हाइकांना सांगते तसं एकेक अक्षर, इंग्रजीत आणि सगळं लहान लिपीत टाक: एन ई टी एस एच, जागा सोड, डब्ल्यू एल ए एन, जागा सोड, शो, जागा सोड, ड्रायव्हर्स. पुन्हा एंटर. भराभर ओळी येतील, घाबरू नको. ‘रेडिओ टाइप्स सपोर्टेड’ अशी एक ओळ शोध. (बघ, कंपनीसुद्धा त्याला रेडिओच म्हणते.) तिच्यापुढे ८०२.११ आणि त्याला चिकटलेली अक्षरं असतात. बी, जी, एन एवढीच असली तर कार्ड फक्त २.४ चं समज. त्यात ‘ए’ किंवा ‘एसी’ असेल तर ५ पण आहे. ‘एएक्स’ असेल तर कार्ड वाय-फाय ६ चं, त्यातही दोन्ही बँड असतात. ‘ए’ला एवढं महत्त्व का, ते शेवटच्या पत्रात आलं आहे, आणि तिथे माझीच चूक आहे.

दादाच्या फोनमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत तिथे ‘एक्स्टेंड कम्पॅटिबिलिटी’ असं बटण असतं, ते चालू केलं की हॉटस्पॉट २.४ वर येतो. काही फोनांत सरळ ‘बँड’ असं लिहिलेलं असतं, तिथे २.४ निवडायचं. आयफोन असेल, १२ किंवा त्यानंतरचा, तर ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’. अँड्रॉइडमध्ये तिथेच सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ ठेवलेला असेल तर तो डब्ल्यूपीए२ कर. जुन्या कार्डांना तीन नंबरचं कुलूप उघडता येत नाही. मग हॉटस्पॉट एकदा बंद करून चालू कर आणि पंधरा-वीस सेकंद थांब.

‘पण २.४ म्हणजे हळू ना?’ असं दादा म्हणेल. तुझ्या त्या कार्डाला २.४ वर साध्या वीस मेगाहर्ट्झच्या वाटेनं (म्हणजे चॅनलनं) कागदावर ७२ एमबीपीएसपर्यंत जोड मिळते. हातात पडतं त्याच्या निम्मं. आता गावात फोनवर स्पीड टेस्ट करून पाहा. आमच्या सासरच्या गावी संध्याकाळी सातला टॉवरकडून आठ-दहा मिळाले तरी आम्ही खूश असतो. विहिरीलाच पाणी नाही, तर पाइप दोन इंची घेतला काय आणि तीन इंची काय.

दुकानदाराशी भांडायला जाऊ नको. लॅपटॉप त्यांच्या दुकानातल्या राउटरलाही जोडला गेला नसेल, आणि तोही ५ वर असेल. माझ्याही हातून असं निदान झालेलं आहे.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक, वरूड तालुक्यातला. मुलगा पुण्यात असतो, त्याने चांगल्यातला राउटर पाठवला. त्याची दोन नावे येतात, एकाच्या शेवटी ‘५जी’. मुलगा म्हणतो, बाबा, ५जीलाच जोडा, दुसरे जुनाट आहे. समोरच्या खोलीत ५जी छान चालते. मागच्या खोलीत, जिथे मी वाचत बसतो, तिथे कमी. आणि नवल असे, की मार्चपर्यंत मागे थोडेफार तरी मिळते, एप्रिल लागला की पार बंद, मृग बरसला की परत सुरू. दोन वर्षे झाली. तापमानाचा परिणाम होतो काय? लॅपटॉप मागच्याच वर्षीचा आहे.

उत्तर : गुरुजी, नमस्कार. आधी नावाचा घोळ. राउटरच्या नावातलं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. मोबाइलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी, जी देशात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. दोघांचा आपसात काही संबंध नाही. तुमच्या राउटरच्या तारेतून येणारं इंटरनेट दोन्ही नावांना एकच आहे. पाचाचा आकडा मोठा दिसतो म्हणून तो चांगला, असं राउटर बनवणाऱ्यांनीच लोकांच्या मनात भरवून दिलं.

आता तुमचं नवल. तुमचं पत्र वाचून मला एकच प्रश्न पडला: कूलर कुठे लावता? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण वरुडात एप्रिल ते मृग कूलरवाचून कोणी राहत नाही. माझा अंदाज असा, की तो समोरच्या आणि मागच्या खोलीच्या मधल्या खिडकीत किंवा दारात बसतो.

हे मी आमच्या घरी करून पाहिलं. सासरचं घर मातीचं, भिंत चांगली दीड हाताची, वर कवेलू. राउटर सपरीत. काळ्या खिडकीत वरच्यासारखंच, फक्त शेवटी ड्रायव्हर्सच्या जागी ‘इंटरफेसेस’ टाकलं की ‘सिग्नल’ टक्क्यांत दिसतो. लॅपटॉप कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन घरभर फिरले. सासूबाईंना वाटलं, हिला काही झालं. सपरीत दोन्ही बँड नव्वदच्या वर. एक भिंत ओलांडून माजघरात २.४ चा सत्तर, ५ चा बेचाळीस. आणखी एक भिंत, चुलीची खोली: २.४ चा अठ्ठेचाळीस, ५ तुटून गेला. मग माजघराच्या दारातला कूलर भरला, ताट्या भिजू दिल्या आणि पुन्हा माजघरात, त्याच पाटावर, कूलरच्या बरोबर मागे बसले. २.४ सत्तरवरून पंचावन्नवर आला. ५ बेचाळीसवरून वीसच्या खाली, आणि दोन मिनिटांनी गेलाच.

कारण साधं आहे. कूलरचं अंग पत्र्याचं, आणि पत्रा या लहरी पलीकडे जाऊ देत नाही, मागे लोटतो. पत्र्याच्या तीन बाजूंना ताट्या, आणि त्या ओल्या. पाणी या लहरी पिऊन टाकतं, आणि ५ च्या तर जास्तच. २.४ ची लहर साडेबारा सेंटीमीटरची, ५ ची त्याच्या निम्म्याहून लहान. लांब लहर भिंत, ताटी, कुटाराची गंजी यांतून जास्त तगून पलीकडे येते. उन्हाचा दोष इतकाच, की त्याच्यामुळे कूलर लागतो.

राउटर कूलरपेक्षा उंच ठेवा, लाकडी फळीवर, दाराच्या सरळ रेषेत. लोखंडी कपाटावर नको, टीव्हीच्या मागे तर नकोच. आणि मागच्या खोलीसाठी लॅपटॉप बिनदिक्कत २.४ ला जोडा. तो पुन्हा पुन्हा स्वतःहून ५ कडे पळत असेल तर स्टार्टवर उजवं बटण दाबा, डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क ॲडॅप्टर्स, वाय-फायच्या नावावर दोनदा दाबा, ॲडव्हान्स्ड. तिथे बऱ्याच कार्डांना ‘प्रेफर्ड बँड’ असतं, ते २.४ वर ठेवा. नसलं तर ५जीवालं नाव ‘फर्गेट’ करून टाका.

मुलाचं म्हणणं त्याच्या जागी खरं आहे. पुण्याच्या सोसायटीत त्याच्या घरात शेजारपाजारचे वीस-पंचवीस राउटर ऐकू येत असतील, आणि सगळे २.४ वर. त्या बँडवर एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या वाटा तीनच: १, ६ आणि ११ नंबरच्या. बाजाराच्या दिवशी बसस्थानकात उभं राहून बोलावं तशी गत. तिथे ५ वर जाणं शहाणपणाचं. तुमच्या गल्लीत राउटर किती? तीन? चार? तुमच्याकडे २.४ रिकामं पडलेलं आहे. शहरात लिहिलेला सल्ला गावात जसाच्या तसा लावायचा नसतो, हे तुम्हाला मी काय सांगावं. बदलीच्या गावी शिकवलंच आहे तुम्ही.

प्रश्न : वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झमुळे संत्र्याचा आंबिया बहार गळतो, असे आमच्याकडे बोलले जाते. खरे काय?

उत्तर : नाही. घरातल्या राउटरची ताकद साधारण वॉटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि वावरापर्यंत जाता जाता उरते ती लॅपटॉपलाही ऐकू येत नाही. फळगळीसाठी कृषी सहायकाला बोलवा. त्याचा फोन लागला नाही तर तो प्रश्न टॉवरचा.

प्रश्न : ताई, दिग्रस तालुक्यात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. तीन लॅपटॉप. नवा वाय-फाय ६ चा राउटर घेतला. एक लॅपटॉप दोन्ही नावं धरतो, काही त्रास नाही. दुसरा सहा-सात वर्षं जुना, इंटेलचं ७२६५ कार्ड, त्याला नव्या राउटरचं एकही नाव दिसत नाही. जुना राउटर लावला तर दिसतो. तिसरा सेकंडहँड घेतलेला, अमेरिकेतून आलेला माल आहे म्हणे. तो कधी दिसतं म्हणतो, कधी नाही. लाईन जाऊन आली की हमखास घोटाळा. पीक विम्याच्या दिवसांत दारात रांग असते, लोकं ऐकत नाहीत.

उत्तर : भाऊ, दोघांची दुखणी वेगवेगळी आहेत.

दुसऱ्याचं सोपं. कार्ड ठीक आहे, त्याचं ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हातारं झालं आहे. इंटेलच्या त्या पिढीच्या कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर वाय-फाय ६ च्या राउटरची हाकच कळत नाही. नाव यादीतच येत नाही. इंटेलनं पुढे नवीन ड्रायव्हर काढून ते नीट केलं. आता ड्रायव्हर उतरवायला नेट लागणार, आणि नेट तर नाही. तर फोन केबलनं लॅपटॉपला जोडा, फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा आणि इंटेलच्याच साइटवरून उतरवा. तोवर रांग खोळंबली असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये वाय-फायचा प्रकार ‘एएक्स’ न ठेवता २.४ ला ‘एन’ आणि ५ ला ‘एसी’ करा. सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ मिश्र ठेवा, नुसतं ३ नको.

तिसऱ्याचं मजेचं आहे. तुम्ही लिहिलं नसतं की लाईन जाऊन आली की घोटाळा होतो, तर मला सुचलं नसतं. राउटर ‘ऑटो’वर आहे ना? लाईन आली की तो नव्यानं सुरू होतो, आजूबाजूला ऐकतो आणि मोकळी दिसेल ती वाट धरतो. २.४ वर आपल्याकडे १३ नंबरपर्यंतच्या वाटा चालतात. अमेरिकेत ११ पर्यंतच वापरतात, आणि तिथल्यासाठी बनवलेली काही कार्डं १२ आणि १३ कडे कान देत नाहीत. राउटर ज्या दिवशी १३ वर बसला, त्या दिवशी तुमचा अमेरिकन पाहुणा बहिरा. लाईन गेली, राउटर ६ वर आला, पाहुणा पुन्हा बोलायला लागला. तुम्हाला वाटतं लॅपटॉपच्या मनात येईल तसं.

राउटरमध्ये २.४ चा चॅनल हातानं ६ किंवा ११ करून ठेवा. ५ चा ३६ करा. ५ मध्ये ५२ ते १४४ या वाटा रडारसोबत वाटून घ्याव्या लागतात: राउटरला आधी मिनिटभर गप्प बसून रडार नाही ना हे ऐकावं लागतं, आणि रडार ऐकू आलं वाटलं तर तिथून उठावं लागतं. ‘आत्ता होतं, आत्ता गेलं’ असं ५ वर झालं की पुष्कळदा हेच असतं. जुन्या काही कार्डांना त्या वाटा दिसतच नाहीत. ३६ वर बसलं की ही भानगड संपते. आणि राउटरला एक लहानसा बारा व्होल्टचा बॅकअप घ्या. हे बँडचं उत्तर नव्हे, पण रांगेचं आहे.

प्रश्न : मुलीला अमरावतीला इंजिनिअरिंगला पाठवायचं आहे. लॅपटॉपवाला म्हणतो, वाय-फाय ६ई घ्या, नाहीतर दोन वर्षांत भंगार. चार हजार जास्त सांगतो. (मेहकर)

उत्तर : चार हजार रॅमवर घाला. खोक्यावर ‘वाय-फाय ६’ किंवा ‘८०२.११एएक्स’ आणि दोन्ही बँड लिहिलेले असले की पुरे. अगदी ‘एसी’ असलं तरी होस्टेलात चालेल. ६ई म्हणजे तिसरा, ६ गिगाहर्ट्झचा बँड. अमेरिकेनं तो २०२० मध्ये मोकळा केला. आपल्याकडे त्याचा खालचा तुकडा, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, मोकळा करायचा नियमांचा मसुदा केंद्र सरकारनं मे २०२५ मध्ये काढला. तो वापरायला राउटरही तसाच लागतो आणि विंडोज ११ लागतं. होस्टेलचा राउटर मुलीच्या लॅपटॉपकडे बघून बदलत नाहीत. फक्त ‘बी/जी/एन’ एवढंच लिहिलेला स्वस्त लॅपटॉप कोणी गळ्यात मारत असेल तर तिथून मात्र उठा.

प्रश्न : ताई, आर्वीहून लिहितो. माझ्या लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ नाही. कार्ड बदलावं की यूएसबीचं डोंगल लावावं? यूट्यूबवर तर दहा मिनिटांत कार्ड बदलतात.

उत्तर : डोंगल लाव. सांगते का.

दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी मी इंटेलचं एएक्स २०१ मागवलं. स्लॉटमध्ये चपखल बसलं, स्क्रू लागला, लॅपटॉप सुरू केला, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा मागमूस नाही. तीन वेळा काढून घातलं. चूक माझी होती: त्या कार्डाचा अर्धा मेंदू प्रोसेसरच्या बाजूला असावा लागतो, आणि गिऱ्हाइकाचा लॅपटॉप त्या पिढीच्या आधीचा. खाच दिसायला तीच, म्हणून फसले. एएक्स २०० मागवायला हवं होतं. आकड्यात एकाचा फरक, आणि भुर्दंड माझ्या खिशातून. पैसे गिऱ्हाइकाकडून घेतले नाहीत, पण त्यानं गावात सांगायचं ते सांगितलंच.

त्याहून नाजूक गोष्ट अँटेनाची. झाकण उघडलं की कार्डावर दोन तारा आलेल्या दिसतात, एक काळी, एक पांढरी किंवा करडी. त्यांच्या टोकाला सोनेरी टोपी, तिळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. ती वरून सरळ दाबून ‘टक्’ बसवायची आणि सरळ वर उचलूनच काढायची. नखानं तिरकी ओढली की तारेचं टोक तुटतं, आणि ती तार स्क्रीनच्या कडेनं वर गेलेली असते. ती बदलायची म्हणजे अख्खी स्क्रीन खोला. शिवाय जुन्या लांबट कार्डांची टोपी मोठी, एम.२ नावाच्या नव्या कार्डांची लहान. मूर्तिजापूरच्या मोठ्या लाईनचा डबा आमच्या शकुंतलेच्या, म्हणजे इथल्या छोट्या गाडीच्या, अरुंद रुळावर चढत नसे, तशातला प्रकार. आणि काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपांत तर कंपनीच्या यादीत नसलेलं कार्ड घातलं की सुरू होतानाच लाल झेंडा दाखवतात आणि पुढे जात नाहीत.

डोंगलमध्ये ‘एसी ६००’ लिहिलेलं घे. ६०० म्हणजे ५ वरचे ४३३ आणि २.४ वरचे १५० मिळून केलेली गोळाबेरीज. एका वेळी एकच बँड चालतो. काही डोंगलं पहिल्यांदा लावली की सीडी ड्राइव्हसारखी दिसतात. घाबरू नको, त्यात ड्रायव्हर असतं, ते घातलं की रूप बदलतं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुनं आतलं कार्ड ‘डिसेबल’ कर, नाहीतर दोघं एकाच वेळी जोडायला धावतात. आणि हे सगळं करण्याआधी एकदा स्वतःला विचार, की घरी येणारं नेट किती एमबीपीएसचं आहे. तीसचं असेल तर डोंगलचे पैसेही वाचव.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलं की यादीत फक्त ‘एन’पर्यंत असेल, ‘एसी’ नसेल, तर ५ गिगाहर्ट्झ नाही. माझ्याकडे २०११ चा ऑफिसातून निघालेला लॅपटॉप आहे, इंटेलचं सेंट्रिनो ॲडव्हान्स्ड-एन ६२०५ कार्ड. ‘एसी’ नाही, तरी राउटरचं ५जीवालं नाव रोज धरतो. तुमचं चुकलं की माझा लॅपटॉप खोटं बोलतो? (हिंगणघाट)

उत्तर : माझं चुकलं. लॅपटॉप खरा आहे.

‘एन’ हा २००९ चा प्रकार दोन्ही बँडवर चालू शकतो. कार्डात ५ चा रेडिओ घालायचा की नाही हे बनवणाऱ्यावर सोडलेलं होतं. महागड्या, ऑफिसच्या लॅपटॉपांत घातला, घरगुती स्वस्त लॅपटॉपांत गाळला. तुमचं ६२०५ दोन बँडचं. त्याच काळातलं सेंट्रिनो वायरलेस-एन १०३० मात्र एकाच बँडचं, आणि दोघांच्या यादीत ‘एन’ सारखाच दिसतो. ओळख ‘ए’नं पटते: ८०२.११ए हा १९९९ चा प्रकार फक्त ५ वर चालतो, म्हणून यादीत ‘ए’ आला की त्या कार्डात ५ आहेच. तुमच्या यादीच्या सुरुवातीला तो नक्की असेल, पाहा. ‘एसी’ हा २०१३ चा, तोही फक्त ५ वरचा, म्हणून त्याच्यावरून ओळखणं सोपं जातं आणि मी तेवढ्यावरच थांबले.

वर पांढरकवड्याच्या मुलीला सांगितलेली ‘ए’ची खूण तुमच्या पत्रामुळे सुचली. ज्यांनी मागचा अंक ठेवला असेल त्यांनी ते पान काढून ‘एसी’च्या शेजारी पेनानं ‘किंवा ए’ लिहून घ्यावं.